मोगरा फुलत नाही? थोडे दिवस त्याला ताणावर सोडा

दर वर्षी एप्रिल लागला की आमच्या कॉलनीत एकच तक्रार ऐकू येते. झाड मस्त वाढलंय, पानं हिरवीगार आहेत, फांद्या कंपाउंडच्या भिंतीवरून पार रस्त्यावर लोंबताहेत, पण कळी औषधालाही नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी शेजारच्या काकू मला हाताला धरून त्यांच्या आवारात घेऊन गेल्या. पुरुषभर उंचीचा मोगरा. बुंध्याची माती ओलीकच्च, तिच्यावर अंड्याची टरफलं, चहाचा चोथा आणि होळीची राख. "रोज पाणी घालते रे, बाराही महिने. एक दिवस चुकवत नाही. मग याला काऊन फुलं येत नाहीत?"

उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. बाराही महिने, रोज पाणी.

माझे मामा नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडे संत्र्याचा बगीचा करायचे. लहानपणी डिसेंबरात तिकडे गेलो की मला त्या झाडांची दया यायची. पानं मलूल, जमिनीला भेगा, आणि विहिरीत पाणी असूनही मामा थेंबभर सोडायचे नाहीत. "बगीचा ताणावर आहे," एवढंच म्हणायचे. मग संक्रांतीच्या सुमाराला ताण तोडायचे, म्हणजे आळी खणून, शेणखत घालून पाणी द्यायचे. महिनाभरात सगळा बगीचा पांढऱ्या फुलांनी भरून जायचा. हाच आंबिया बहार.

मोगरा संत्र्याच्या कुळातला नाही. पण बहाराचं गणित दोघांचं बरंचसं सारखं आहे, आणि नागपूरच्या माणसाला मोगरा समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण मला सुचत नाही.

झाड रोज उन्हावर आपल्या पानांत साखर तयार करतं. पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असलं की ती साखर लगेच नवी पानं आणि नव्या फांद्या करण्यात खर्च होते. काकूंचा मोगरा तेच करत होता. कमावत होता आणि सगळं वाढीवर उडवत होता. पाणी तोडलं की आधी वाढ थांबते. पानं मात्र आणखी काही दिवस साखर करत राहतात. खर्च बंद आणि आवक थोडी चालू, अशा दिवसांत जी शिल्लक पडते ती लाकडात आणि मुळांत साठते. पुढे छाटणी, खत आणि पाणी एका पाठोपाठ मिळालं की फांदीवरचे इतके दिवस झोपलेले डोळे, म्हणजे नव्या फुटव्याचे बारीक कोंब, बरोबरीनं फुटतात, आणि त्या शिल्लकीच्या बळावर फुटव्यांच्या टोकांना कळ्या धरतात.

आपला हिवाळा या कामात मोठी मदत करतो. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास येते, कधी त्याच्याही बरीच खाली जाते. 29 डिसेंबर 2018 ला तर पारा 3.5 अंशांवर उतरला होता. मोगरा उष्ण प्रदेशातला. इतक्या थंडीत तो मरत नाही, पण त्याची वाढ जवळजवळ थांबते. झाड स्वतःच पेंगत असताना आपण रोज बादलीभर पाणी ओतून त्याला जागं ठेवायचा हट्ट करतो. मुळं थंड, ओल्या मातीत गुदमरतात, आणि मार्चमध्ये झाडाजवळ शिल्लक काहीच नसते.

कळी नेमकी लागते कुठे

मोगऱ्याची एखादी फांदी हातात धरून नीट पाहा. पानं बहुतेक वेळा जोडीजोडीनं, समोरासमोर असतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक डोळा असतो, म्हणजे एका पेरावर दोन डोळे. आणि फुलं? ती लागतात नव्या फुटव्याच्या शेंड्याला, बहुधा तीन-तीन कळ्यांच्या झुपक्यात. मधली कळी आधी उमलते, बाजूच्या दोन मागाहून. जुन्या लाकडावर थेट फूल येत नाही. मोगऱ्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: जितके नवे शेंडे, तितके झुपके.

शेंडा जिवंत असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना सहसा उठू देत नाही. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते फांदीतून खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडला की हा दाब सरतो आणि खालच्या पेरावरचे दोन्ही डोळे फुटतात. एका शेंड्याचे दोन झाले. त्या दोघांना फुलं येऊन गेली आणि तेही दोन पानं खाली खुडले, की चार. मार्च ते जून हा खेळ तीन वेळा सहज होतो. न खुडलेली फांदी तशीच वेलासारखी लांबत जाते, शेवटी टोकाला तीन कळ्या देते आणि थांबते. काकूंच्या भिंतीवरून लोंबणाऱ्या फांद्या अशाच होत्या. कात्री न लागलेलं झाड दिसायला दांडगं असतं, शेंडे मात्र त्याला मोजकेच.

बायका संध्याकाळी कळ्या तोडताना देठासकट, कधी दोन पानांसकट शेंडा खुडतात, तेव्हा नकळत हेच काम होत असतं. म्हणून ज्या घरात रोज कळ्या तोडल्या जातात, तिथला मोगरा जास्त फुलतो. झाडावर फुलं तशीच वाळू देणाऱ्या घरात तो लवकर थकतो.

डिसेंबर ते होळी

जमिनीतल्या झाडाचं पाणी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंद करतो. काळ्या मातीत ओल फार दिवस धरून राहते, म्हणून ताण बसायला महिना-सव्वा महिना लागतो. मुरमाड, हलक्या जमिनीत तीन आठवड्यांत काम होतं. कुंडीत मूठभर मातीच असते, तिथे इतकी कडक शिस्त चालत नाही. तिथे डिसेंबरच्या मध्यापासून आठ-दहा दिवसांनी एकदा तांब्याभर पाणी द्यायचं, फांद्या वाळू नयेत एवढ्यापुरतं. पानं दुपारी लटकू लागली, खालची काही पिवळी पडून गळली, की ताण बसला असं समजायचं. याच वेळी जीव कासावीस होतो आणि हात नळाकडे जातो. तो आवरायचा.

फांदीची साल नखानं खरवडून पाहावी. आत हिरवी असेल तर झाड ठणठणीत आहे. तपकिरी, कोरडी निघाली तर ताण जास्त झाला, लगेच थोडं पाणी द्यावं. यंदा लावलेल्या कोवळ्या रोपाला मात्र ताण देऊ नये, त्याला अजून मुळं धरायची आहेत.

संक्रांतीच्या आसपास छाटणी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढायच्या. उरलेल्या जमिनीपासून साधारण दीड फुटावर कापायच्या, प्रत्येक काप पेराच्या जरासा वर. कुंडीत एक फूट ठेवलं तरी चालतं. उरलीसुरली पानंही हातानं ओढून टाकायची. झाड उघडंबोडकं दिसतं, पाहणारे हळहळतात. काकूंनी तर मी कात्री चालवत असताना तोंड फिरवलं होतं.

मग बुंध्याभोवतीची माती चार बोटं खोल खुरपून दोन-तीन दिवस उन्हात तशीच उघडी ठेवायची. त्यानंतर शेणखत. मोठ्या झाडाला आठ-दहा किलो, कुंडीत दोन-तीन ओंजळी, आणि ते पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे, शेणाचा नव्हे. पहिलं पाणी हलकं, चार दिवसांनी दुसरं पोटभर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लालसर-पोपटी फुटवे दिसू लागतात आणि होळीच्या मागेपुढे पहिल्या कळ्या.

खताबद्दल एक गोष्ट. तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठानं शेतातल्या मोगऱ्यासाठी जी शिफारस केली आहे, तिच्यात झाडामागे वर्षाला 60 ग्रॅम नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) प्रत्येकी 120 ग्रॅम, तेही दोन हप्त्यांत विभागून, असं प्रमाण आहे. आकड्यांपेक्षा त्यातला सूर पाहा: नत्र बाकीच्या दोघांच्या निम्मं. आपण घरी नेमकं उलट करतो, युरियाची मूठ टाकून मोकळे होतो. नत्रानं पानं काळीभोर हिरवी होतात आणि आपल्याला वाटतं झाड खूश आहे. कुंडीसाठी या हिशोबाचा दहावा भागही पुष्कळ झाला.

पिवळी पानं आणि अंड्याची टरफलं

नागपूरची काळी माती बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकापासून झालेली आहे. ती सुपीक आहे यात शंका नाही, पण मोगऱ्यासाठी तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली अडचण पोताची. पावसात ती फुगते, लोण्यासारखी चिकट होते, पाणी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर भेगा पाडते. मोगऱ्याची बारीक मुळं त्या भेगांत तुटतात. म्हणून जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून निघालेल्या मातीत तितकंच शेणखत आणि तितकीच जाडी वाळू मिसळावी. कन्हान नदीची भरड वाळू मिळाली तर उत्तम. बांधकामाला चाळलेली बारीक रेती कामाची नाही, ती मातीबरोबर सिमेंटसारखी बसते. खड्ड्याची जागा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच केली तर जुलैतल्या झडीतही मुळं सडत नाहीत.

दुसरी अडचण दिसत नाही, आणि बहुतेक झाडं तिथेच हरतात. ही माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात लोह भरपूर असतं, पण ते मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. पाण्यानं भरलेली विहीर आहे पण दोर आखूड आहे, अशी गत. लोहाशिवाय पानांत हरितद्रव्य तयार होत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पानावर हिरव्या दोऱ्यानं जाळी विणावी तशा. संत्र्याच्या बगीच्यात हेच दिसतं, तिथले शेतकरी ही खूण लांबून ओळखतात. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर ती गोष्ट वेगळी. तिथे नत्र कमी आहे किंवा पाणी जास्त झालंय.

आता अंड्याच्या टरफलांकडे या. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनाच. राख अल्कधर्मी. मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंत हे उपाय छातीठोकपणे सांगतात, आणि आम्ल माती असलेल्या, धो-धो पावसाच्या प्रदेशात ते चालूनही जातील. नागपूरच्या मातीत आपण आधीच असलेल्या चुन्यात चुना घालत असतो. हाडांच्या चुऱ्याचंही तेच. त्यातलं स्फुरद आम्ल मातीत विरघळतं, चुनखडीच्या मातीत बहुतेक तसंच पडून राहतं. त्यापेक्षा साधं सुपर फॉस्फेट बरं. चहाचा चोथा चालतो, पण साखर-दूध धुऊन काढलेला आणि मूठभरच, नाहीतर मुंग्या लागतात.

पिवळेपणावर उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. कृषी केंद्रात स्वस्तात मिळतं. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारायचं. मातीत टाकलेलं हिराकस चुना पुन्हा अडकवून ठेवतो, म्हणून पानावाटे देणंच खरं. नवी पानं हिरवी येईपर्यंत महिन्याने एकदा. फवारा फरशीवर किंवा भिंतीवर उडाला तर गंजाचे डाग पडतात, कुंडी बाजूला घेऊनच फवारा.

आपला उन्हाळा

"मोगऱ्याला ऊन आवडतं" हे वाक्य खरं आहे, पण ते नागपुरात अर्धंच लागू पडतं. मोगऱ्याला उष्ण आणि दमट हवा मानवते, मदुराई किंवा मंगळूर-उडुपीच्या बाजूची. आपला मे कोरडा. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान नोंदवलं गेलं. त्या झळांत पानांतून पाणी इतक्या वेगानं उडतं की मुळांना पुरवठा करता येत नाही, माती ओली असली तरी. कळ्या उमलायच्या आधी वाळतात, जी फुलं येतात ती लहान राहतात.

जमिनीतलं झाड हे बऱ्यापैकी सोसतं, कारण वीतभर खाली माती थंड असते. खरे हाल स्लॅबवरच्या गमल्याचे. काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात ठेवली तर आतली माती हाताला चटका बसेल इतकी तापते आणि मुळं अक्षरशः शिजतात. एप्रिलपासून कुंडी पूर्वेकडे सरकवावी: सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर भिंतीची सावली. जागा नसेल तर हिरवी जाळी. मातीची कुंडी सगळ्यांत चांगली, ती पाझरते आणि पाझरताना माठासारखी थंड होते. प्लास्टिकचीच असेल तर ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. स्लॅबला थेट टेकवू नये, दोन विटांवर ठेवावी. वर वाळक्या पानांचा किंवा तणसाचा दोन बोटं थर.

पाणी सकाळी लवकर. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, कुंडीला संध्याकाळीही. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून तेव्हाच पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, ओल असेल तर झाड फक्त उन्हाला तोंड देतंय, संध्याकाळी आपोआप ताठ होईल. सूर्य मावळल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला तर झाड ताजंतवानं होतंच, शिवाय कोरड्या हवेत माजणारी लाल कोळी ही बारीक कीडही आटोक्यात राहते.

एक सवय मात्र सोडा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मोगऱ्याला घालू नका. ते पाणी दिवसभर ताट्यांवरून फिरत असतं, त्यातला पाण्याचा अंश वाफ होऊन खोलीत जातो आणि क्षार टाकीत उरतात. ताट्यांवर जमणारा पांढरा थर तो हाच. आठवडाभर फिरलेलं पाणी मूळच्या कितीतरी पट खारट झालेलं असतं. पाणी वाया जाऊ नये ही भावना मला पटते. त्या पाण्यानं अंगण धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर तेही शक्यतो टाळावं, नळाचं द्यावं. पहिल्या पावसाचं पाणी या क्षारांना धुऊन खाली नेतं, म्हणून मृगात कुंड्या उघड्यावर चिंब भिजू द्याव्यात.

संध्याकाळीच का दरवळतो

सीताबर्डीच्या फूलबाजारात दुपारी मोगऱ्याच्या ढिगाशी उभं राहिलात तर वास मंद येतो. तोच गजरा रात्री आठला घरभर घमघमतो. कारण कळीत सुगंध अत्तराच्या कुपीसारखा भरून ठेवलेला नसतो. कळी फुगते, पांढरी होते, आणि उमलायच्या वेळी तिच्या पाकळ्यांतून लिनालूल, बेंझाइल ॲसिटेट, इंडोल अशी द्रव्यं सुटू लागतात. इंडोल हे मोठं विलक्षण द्रव्य आहे. एकटं आणि दाट असेल तर त्याची दुर्गंधी येते. लेशमात्र असतं तेव्हा त्याच वासानं मोगऱ्याला ती खोली येते, जी स्वस्त साबणातल्या मोगऱ्याला नसते.

हा सगळा खटाटोप रात्रीच्या पतंगांसाठी. अंधारात रंग दिसत नाहीत, म्हणून फूल पांढरं आणि बोलावणं वासाचं. कळी तोडली तरी हे काम थांबत नाही. सकाळी तोडलेली टपोरी कळी ओल्या फडक्यात ठेवली तर संध्याकाळी वेळेवर उमलते. गजऱ्याचा सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. उमललेलं फूल बाजारापर्यंत टिकलंच नसतं. जुने अत्तरवाले तीळ आणि मोगऱ्याची फुलं यांचे थर लावून ठेवत, फुलांचा वास तिळातल्या तेलात मुरे आणि मग ते तीळ गाळून फुलेल काढत. चीनमध्ये चहाच्या पानांत मोगऱ्याच्या कळ्या मिसळून रात्रभर ठेवतात, तीही हीच युक्ती. आपल्याकडे माठात वाळ्याच्या जुडीबरोबर चार कळ्या टाकतात. कळ्या पाण्यात टाकायच्या त्या सूर्यास्तानंतर. सकाळी टाकलेल्या कळ्या तोवर नुसत्या वाट पाहत पडतात.

मोगऱ्याचं शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. लिनियसनं 1753 मध्ये त्याला निक्टँथिस, म्हणजे रात्री फुलणारं, या गटात पारिजातकाच्या शेजारी बसवलं होतं. पुढे 1789 मध्ये एटननं त्याला जाई-जुई-कुंदाच्या गटात हलवलं, पारिजातक मागे राहिला. दोघांचं कूळ मात्र आजही एकच, आणि ऑलिव्हचं झाडही त्याच कुळातलं. फिलिपिन्सनं 1934 मध्ये आणि इंडोनेशियानं 1990 मध्ये मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केलं.

घेताना काय पाहायचं

एकेरी मोगरा पाच-नऊ पाकळ्यांचा, वेलासारखा पसरणारा, भरपूर फुलणारा. बटमोगरा गोल, बटणासारख्या कळ्यांचा, गजऱ्याला सरस. हजारी पाकळ्यांचा मोगरा गुलाबासारखा भरगच्च, पण सावकाश वाढतो आणि फुलं कमी देतो. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार. पहिल्यांदा लावणाऱ्यानं एकेरी किंवा बटमोगराच घ्यावा, असं माझं मत आहे. भरगच्च फुलाचा मोह आवरा, ते झाड आपल्या उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं फार कुरकुरतं.

आणि पान तोडून पाहा. मला एकदा एका नर्सरीतून मोगरा म्हणून दुहेरी तगर मिळाली होती. फुलं आली, पांढरी, सुंदर, पण मोगऱ्याचा वास नाही. तगरीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, मोगऱ्याला चीक नसतो. एवढी एक चाचणी दुकानातच करता येते. रातराणी, कुंती, अनंत हेही सुगंधी पांढरे, पण त्यांच्यातला एकही मोगऱ्याचा भाऊबंद नाही. त्यांना ही छाटणी आणि हा ताण लावू नका.

किडींत मला दोनच त्रास देतात. कळीला बारीक भोक पडून आत अळी शिरते, तशा कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, झाडाखाली पडू द्यायच्या नाहीत. कळ्या जांभळट होऊन न उमलता गळत असतील तर ते कळीमाशीचं काम. तिच्या अळ्या कळीतून मातीत उतरून तिथेच कोष करतात, म्हणून खालची माती खुरपत राहणं आणि गळलेल्या कळ्या रोज वेचणं हाच मुख्य उपाय. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, थोडा साबण घालून, फक्त सूर्यास्तानंतर. उन्हात मारलं तर पानं करपतात.

काकूंच्या झाडाला त्या होळीला पहिला झुपका आला. मे संपेपर्यंत त्या रोज ओंजळभर कळ्या काढत होत्या. मग त्यांना भाचीसाठी रोप हवं झालं. मोगऱ्याला बी क्वचितच धरतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक मोगरा दुसऱ्या मोगऱ्याच्या फांदीतून आलेला असतो. आपल्या अंगणातलं झाड म्हणजे कुणाच्या तरी पणजीच्या अंगणातल्या झाडाचाच पुढे वाढत आलेला तुकडा.

त्यासाठी पावसाळ्यासारखे दिवस नाहीत. जुलैत बुंध्याजवळची एक लवचीक फांदी जमिनीकडे वाकवायची, जिथे टेकते तिथल्या पेराखालची साल बोटाच्या पेराएवढी खरवडायची, तो भाग वाळू-शेणखताच्या मातीत पुरायचा आणि वर वीट ठेवायची. शेंडा बाहेर राहिला पाहिजे. माती ओली राहील एवढंच पाहायचं, उकरून बघायचं नाही. काकूंनी दर चार दिवसांनी वीट उचलून पाहिली म्हणून त्यांच्या पहिल्या फांदीनं मुळं धरलीच नाहीत. दुसरी फांदी त्यांनी माझ्याकडून दाबून घेतली, आणि गणपती गेल्यानंतर तिला नवा फुटवा दिसला तेव्हा आम्ही ती मूळ झाडापासून कापली. आता ती मातीच्या कुंडीत भाचीकडे आहे. पहिल्या डिसेंबरात तिला ताण द्यायचा नाही, हे मी चिठ्ठीवर लिहून कुंडीला बांधून दिलंय.